चुन्याची गाडी

अंगणात चुन्याच्या फक्कीने गाडी काढून झाली तेव्हा लहानूच्या लक्षात आलं, की मोठेबाबा रेघांच्या आत बसले आहेत तोवर आई तिच्यात पाय ठेवायची नाही.

गाडी खऱ्या मापाची होती. पुढे ड्रायव्हरची जागा, तिच्या डोक्यावर पोरांचा माचा, मधे चूल आणि टेबल, रात्री टेबलाचीच खाट, मागे दोन बर्थ आणि कपाटाएवढा संडास. लहानू नोकरीला होता त्या पश्चिम जर्मनीत असं चाकावरचं घर भाड्याने मिळतं. उन्हाळ्यात लहानू, त्याची बायको, दोन पोरं आणि घरची ही दोघं मोठी माणसं, अशांनी सहा आठवडे स्वित्झर्लंडपर्यंत फिरायचं. सहा माणसं, सहा जागा. असा बरोबर बसलेला हिशेब लहानूला इंजिनिअर झाल्यापासून फार आवडत असे.

ही दोघं म्हणजे आई बायनाबाई आणि मोठेबाबा देवाजी, बापाचा थोरला भाऊ. बाप गेला तेव्हा लहानू चौथीत होता. देवाजीने धानाचं शेत सांभाळलं, पुतण्याला आधी कुरखेड्याला, मग नागपूरला शिकवलं, स्वतः लग्न केलं नाही. गावाने त्याच्या नावावर मोठं पुण्य मांडून ठेवलं होतं. बायनाबाईच्या नावावर त्याहून मोठं. धाकटा दीर असता तर लोकांनी त्याच्याशी तिचा पाट लावून दिला असता. पण उरला होता भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्यासमोर बाईने तोंड दाखवायचं नसतं, बोलायचं नसतं, त्याच्या सावलीवर पाय द्यायचा नसतो. बायनाबाईने हे असं पाळलं, की गावातल्या सासवा सुनांना तिचं उदाहरण देत.

दोघांमधले निरोप पूर्वी लहानू पोचवायचा. तो शिकायला गेला तेव्हापासून ते काम मांजरीकडे आलं होतं.

"मने," पदर नाकापर्यंत ओढून बायनाबाई म्हणाली, "लहानूच्या मोठेबाबाले सांग, भात झाकून ठेवला हाये."

"येतो म्हनाव, मने," देवाजी भिंतीकडे पाहत म्हणाला, आणि गाडीतून उठला.

शेजारची नीलाबाई कमरेवर हात ठेवून रेघांमधून एक फेरी मारून आली. "काऊन रे लहानू, संडासातून निंगालं का चूल दिसते, अन् चुलीपाशी बसलं का भासरा दिसते. तुह्या मायनं सहा हप्ते डोस्क्यावर घोंगडं घेऊन बसावं का?"

लहानूने पडद्याचा तोडगा काढला. मधोमध जाड पडदा, अलीकडे आई, पलीकडे मोठेबाबा. आईने मनीला सांगितलं, की पडद्याआडचं माणूस दिसत नाई हे खरं, पण शिंकलं तं ऐकू येते.

मग त्याने एकेकाला न्यायचं ठरवलं. आई म्हणाली, मोठेबाबाले ने, त्यायनंच तुले शिकवलं. मोठेबाबा म्हणाले, मायले ने, तिनंच तुले वाढवलं. पण मी गेलो तर मागे हिचं कोण पाहील आणि मी गेले तर यांना रांधून कोण घालेल, यावर दोघंही सारखीच अडली. एकमेकांशी अवाक्षर न बोलता दोघांनी एकच उत्तर काढावं, याचं लहानूला कौतुक वाटलं आणि रडूही आलं.

गाडी आत्ताच ठरवली नाही तर उन्हाळ्यात मिळणार नव्हती. मोठेबाबा हल्ली बांधावर दम खात बसू लागले होते. पुढल्या उन्हाळ्याचा भरवसा कोणी द्यावा? लहानूच्या पोरांनी या दोघांना फोटोतच पाहिलं होतं, आणि फोटोही दोन वेगवेगळे.

शेवटी तो गिरजाबाईकडे गेला. गावातली सगळ्यात म्हातारी बाई. रीतीभातीत तिच्या शब्दापुढे पंचही जात नसत. ती आली, गाडीत चुलीच्या जागी फतकल मारून बसली आणि तंबाखू चोळू लागली.

"बायना," ती म्हणाली, "तिकडे कोन पाहाते तुले? माहा शब्द हाये, सोड तो पदर. बोल भासऱ्यासंग. बापासारखा हाये तो."

लहानूला वाटलं, जमलं. पण आईचं तोंड, जेवढं दिसत होतं तेवढं, पांढरं पडलं.

"नाई जमत, मावशी," ती एवढंच म्हणाली.

देवाजी कुऱ्हाड खांद्यावर टाकून जंगलाकडे निघून गेला आणि एकही लाकूड न आणता परतला. गिरजाबाईने मात्र ऊर भरून आल्यासारखं केलं. अशी मर्यादा आता कोणात राह्यली नाई, हे तिने घरोघरी जाऊन सांगितलं.

त्या संध्याकाळी लहानूने आईचे पाय धरले. इतक्या वर्षांची तुझी मर्यादा मी एका गाडीपायी मोडायला निघालो होतो, म्हणाला. आई रडली. एवढं रडण्यासारखं आपण काय बोललो, हे त्याला कळेना. त्याने खराटा घेतला आणि गाडी झाडून टाकली. आधी संडास, मग टेबल, सगळ्यात शेवटी पोरांचा माचा.

सकाळी वडशाच्या बसवर पोचवायला दोघंही आली. देवाजी पुढे, बायनाबाई बरीच मागे. फाट्यावर तो रस्त्याच्या या कडेला उभा राहिला, ती त्या कडेला. लहानूने खिडकीतून आधी एकीकडे हात हलवला, मग दुसरीकडे. जर्मनीत राहून तो पूल बांधत होता. या एवढ्याशा रस्त्याच्या दोन कडा त्याच्याने जोडल्या गेल्या नव्हत्या. बस सुटली.

दोघं आली तशीच परतली. वाटेत सुनांनी बाजूला होऊन बायनाबाईला वाट दिली. घरात शिरल्यावर देवाजीने दाराला कडी लावली. बायनाबाईने पदर खांद्यावर पडू दिला, खाटेवर त्याच्या शेजारी बसली आणि डोकं त्याच्या खांद्याला टेकवलं.

"पोरगा आला तवापासून मले एकटीले झोप नाई," ती त्याला म्हणाली. "सहा हप्ते त्या गाडीत कसे काढले असते, तूच सांग."