बदामांचं पेज

"आणखी एकदा," पेजवाली मोबाइल समोर धरत म्हणाली. "आणि या वेळी नाक पुसू नकोस."

अबोलीला स्वतःचीच किळस आली. पहिल्यांदा रडू खरंच आलं होतं. ही तिसरी खेप, आता ती नुसतं तोंड वाकडं करत होती.

नापास झाल्यावर तिने अंथरूण धरलं होतं. कोणाशी बोलेना, म्हणून हॉस्टेलच्या मुलींनी तिला अबोली करून टाकलं. खोलीत आली ती एकटी पेजवाली. विद्यापीठातल्या मुलामुलींची दुखणी ती आपल्या इन्स्टाग्राम पेजवर मांडायची. "बोल, मन हलकं होईल," म्हणाली, आणि झालंही. जेवणाचा डबा तिनेच आणून दिला. वेळ काय सांगून येते, म्हणत आईचा नंबर लिहून घेतला. अबोलीचा एक छान हसरा फोटोही मागून ठेवला. तिचे उपकार विसरता येत नव्हते.

पण व्हिडिओखालचे ते लाल लाल बदाम! 'किती गोड रडतेस,' असंही कोणी लिहायचं. उष्ट्या ताटावर माश्या घोंगावाव्यात तसे लोक जमायचे.

"ऐक ना," अबोली म्हणाली. "मी फेरपरीक्षेत पास झाले. डॉक्टरांच्या गोळ्याही लागू पडल्यात, झोप येते. आता हेच टाकूया."

पेजवालीचा चेहरा पडला. "एवढ्यात नको."

"का?"

"बऱ्या झालेल्या माणसाला कुत्रं तरी विचारतं का?" मग ती हसली. "गंमत केली गं."

अबोलीला हसू आलं नाही. "मला आता रडायचं नाहीये. मी बरी आहे, एवढं सांगते आणि पेज सोडते."

"बघू," पेजवाली म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत बाहेर गेली.

तिचा लॅपटॉप उघडाच होता. आपणच दोन ओळी लिहून टाकाव्यात, म्हणून अबोली खुर्चीत बसली. न टाकलेल्या पोस्टच्या यादीत तिला स्वतःचं नाव दिसलं. म्हणजे हिने आधीच लिहून ठेवलंय तर! आपण उगाच वाकड्यात शिरलो, असं वाटून तिला भरून आलं. तिने पोस्ट उघडली.

वर तिचाच हसरा फोटो होता, काळ्या चौकटीत. खाली लिहिलं होतं, 'आमची लाडकी अबोली आपल्याला सोडून गेली. शेवटपर्यंत मी तिचा हात सोडला नव्हता. तिच्या आईशी आत्ताच बोलले.'

तारखेची जागा तेवढी रिकामी होती.