कुठंच नाही

“कुठं दुखतंय?” कॉलेजचे ट्रेनर डफळे मामा विचारत होते.

“कुठंच नाही, मामा!” कबड्डी संघाची कर्णधार म्हणाली. मामांनी तिच्या घोट्यावर अंगठा दाबला, तशी ती किंचाळली.

“फायनल आली की सगळ्या थापा मारता,” पट्टी गुंडाळत मामा म्हणाले. “माझ्या अंगठ्याला फसवाल होय गं?” उभी हयात त्यांनी खेळाडूंची लपवलेली दुखणी अशीच हुडकली होती.

सामना संपतासंपता लेकीचा फोन आला आणि मामा थेट दवाखान्यात पोचले. बायकोच्या पोटातली गाठ जुनी होती. आता फार उशीर झालाय, असं डॉक्टर म्हणाले. वर्षभर बायको वाळत चालली होती. प्रत्येक स्पर्धेला निघताना खांद्याला बॅग अडकवून मामांनी “कुठं दुखतंय?” विचारायचं, तिनं “कुठंच नाही” म्हणायचं आणि त्यांनी ते खरं मानून बाहेर पडायचं.

ते खाटेशी बसले. “शालन, कुठं दुखतंय?”

“कुठंच नाही. पोरी जिंकल्या का?”

मामांचा अंगठा चादरीपर्यंत गेला. दाबायचा धीर मात्र त्यांना झाला नाही.