लाटसाहेबांची खुर्ची

गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात आता संग्रहालय आहे. तिथे नवा साहेब म्हणून रुजू झालो, त्याच दुपारी ‘बसू नये’ची पाटी बाजूला सारून मी खुद्द लाटसाहेबांच्या खुर्चीत ऐसपैस बसलो. आणि छताचा कापडी पंखा हलायला लागला. पूर्वी व्हरांड्यात बसून गडी ज्या दोरीने तो ओढायचा, ती दोरी तर कधीच कापून टाकलेली!

माझी बोबडी वळली. “लाटसाहेबांचं भू... भूत!”

फरशी पुसणाऱ्या मावशींनी शांतपणे फडकं पिळलं. “छे हो! ते कशाला येतील? ते त्यांच्या घरी, मऊ गादीवर सुखानं गेले.”

 

मग म्हणाल्या, “तुम्ही आधी उठा बघू, साहेब. पंखा ओढून ओढून आमच्या पणजोबांचे हात भरून आलेत.”