परक्या भाषेतला फोन

रेकॉर्डिंग संपलं तसा कांताबाईंनी कपाळाला हात लावला.

"ऐकलं ना बाई? आमच्या काजलचं हे तिसरं स्थळ मोडलं. आता तुम्हीच सांगा, कोण हाय हा मेला."

मधुवंतीबाई कॉलेजात भाषेचं मानसशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. महाल भागातल्या त्यांच्या घरी शेजारचे बाबनराव, त्यांची बहीण कांताबाई आणि मुलगी काजल अशी तिघं येऊन बसली होती. काटोलच्या मुलाकडच्यांनी नकार कळवताना निनावी फोनचं हे रेकॉर्डिंगही पाठवलं होतं.

बाईंनी ते पुन्हा लावायला सांगितलं. तोंडावर रुमाल धरलेला पुरुषी आवाज, अगदी पुस्तकी मराठी. "मुलगी फार तापट आहे. आपण नीट विचार करावा. लेकराले स्वयंपाकही येत नाही."

"ही भाषा याची नाही," बाई म्हणाल्या. "उसनी घेतलीय. खोटं बोलायला परकी भाषा बरी पडते, आपल्या भाषेत जीभ अडखळते. पण एका जागी हा घसरलाच. बदनामी करणारा माणूस 'पोरगी' म्हणेल. 'लेकरू' नाही म्हणणार, तो मायेचा शब्द."

बाबनराव रुमालानं चष्मा पुसत राहिले.

"म्हणजे आपल्यातलाच कोणी," कांताबाई पुटपुटल्या. बाईंनी त्यांना चहा टाकायची विनंती केली. काजलही आत्याच्या मागे आत गेली.

"बाबनराव," बाईंनी हळूच, त्यांच्याच बोलीत विचारलं, "काहून केलं?"

बाबनरावांनी चष्मा बाजूला ठेवला.

"तिची माय गेल्यापासून घरात आवाज म्हणजे तिचाच, बाई. ती गेली तर मी कोणासंग बोलू? चांगले होते तिन्ही पोरं. पाप केलं म्या."

"मग तिला सांगा. तोंडावर रुमाल न धरता."

"सांगतो. आजच सांगतो," ते म्हणाले आणि त्याच रुमालानं डोळे पुसले.

चहा झाला. बाबनराव बहिणीला घेऊन घरी गेले. काजल कप विसळायला मागे थांबली.

"बाई, बाबाले रागावल्या नाही ना तुम्ही?"

बाई चमकल्या. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच फोनपासून. दाराआडून आयकला होता. बाबाचा आवाज मले ओळखू नाही येणार?"

"आणि तरी गप्प बसलीस? तीन स्थळं गेली तुझी."

काजलनं कप पालथा घातला.

"बाबाले मोबाईलमध्ये काही टाकता येते का, बाई? पोराचा नंबर दरवेळेस मीच टाकून देत होती." ती गालात हसली. "माह्या धम्मानंदचा तेवढा नाही टाकला."