स्काय किंगचा पहिला मान

स्काय किंगच्या आठही खुर्च्या रिकाम्या होत्या आणि खाली उभे राहून उद्घाटनाला आलेले बापूसाहेब विचारत होते, "वजनाची चाचणी झाली का?"

झाली नव्हती. नियम असा की, रोज सकाळी आठ खुर्च्यांत वाळूची आठ पोती बांधायची, तीन फेऱ्या मारायच्या आणि मगच माणसं बसवायची. पण आज या नव्या झोक्याचं उद्घाटन होतं आणि उजनीच्या पाण्यावरून वारा असा सुटला होता, की ती पोती मांडवाच्या खांबांना बांधावी लागली होती. सोडली असती तर मांडव पाहुण्यांच्या फेट्यांसकट भिगवण स्टेशनात जाऊन उतरला असता. आणि बापूसाहेब नियमाचे पक्के. दोन्ही नातवंडं बसणार असली, की ते फारच पक्के होतात.

पार्कचे मॅनेजर अविराज हुशार माणूस. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. मांडवाच्या कडेला झाडूवाल्या बायका ठेवणीतले कपडे घालून उभ्या होत्या. गर्दी कमी दिसू नये म्हणून त्यांना बोलावलं होतं. अविराजनी त्या नजरेनं मोजल्या. आठ भरल्या. निरवांगीच्या कुशाबाई एकट्याच दीड पोतं होत्या, तेव्हा कमी-जास्त सांभाळून घेता येत होतं.

माइकवर मात्र ते म्हणाले, की स्काय किंगचा पहिला मान आमच्या कष्टकरी भगिनींचा. टाळ्या पडल्या. बापूसाहेबांनीही दोन वाजवल्या.

झोका चालवणारा वाजिद अविराजच्या कानाशी लागला. झोका ज्यावर टांगलाय त्या डाव्या दांड्यात वर गेल्यावर कट् असा आवाज येतो, हे त्यानं शनिवारीच सांगितलं होतं. मिस्त्री बुधवारी येणार होता. आज सोमवार. अविराजनी त्याला समजावलं, की गेले आठ दिवस पोती बसताहेत, एकानंही तक्रार केलेली नाही.

"पोत्यांना काय व्हनार, साहेब?"

"मग तू राहू दे," अविराज म्हणाले. "अंथुर्ण्याचा एक आयटीआयवाला अर्ज घेऊन गेटवर उभाच आहे."

बायका पदर खोचून चढल्याही होत्या. दोन वर्षं या पार्कमधल्या प्रत्येक पाळण्याखालचं पॉपकॉर्न त्यांनी झाडलं होतं. वर बसलेली त्यांच्यातली एकही नव्हती. चौथ्या खुर्चीत वाजिदची बायको मुबशिरा होती. तिच्या छातीवरचा दांडा वाजिदनं खाली घेतला, दोनदा ओढून बघितला आणि हळूच म्हणाला, उतर, चक्कर येईल.

"एवढ्या मान्सांत पयला मान मिळालाय," ती म्हणाली, "अन् तुमी उतरवता व्हय?"

शेजारच्या खुर्चीतून कुशाबाईंनी विचारलं, "वाजिदभाई, भ्या कशाचं वाटतंय? बायको पडंल त्याचं, का रोज बसू म्हनंल त्याचं?"

आठही जणी हसल्या. सांगायचं तर तेव्हाच सांगता आलं असतं. वाजिदनं दांडा तिसऱ्यांदा ओढून बघितला, केबिनमध्ये गेला आणि हिरवं बटण दाबलं.

पहिल्या फेरीला झोका वर गेला आणि कट् वाजलं. बापूसाहेबांनी मान वर केली. वाजिदचा हात लाल बटणावर गेला, तर अविराजनी लांबून दोन बोटं दाखवली. अजून दोन फेऱ्या. वरून कुशाबाईही अजून, अजून म्हणून ओरडत होत्या. दुसऱ्या फेरीला कट्. तिसऱ्या फेरीला दोनदा. आजवर पोती वर असताना वाजिद मोबाइल बघत असे. आज तो चौथी खुर्ची बघत होता आणि ती दर फेरीला खूप सावकाश खाली येत होती.

झोका थांबला. आठही जणी जशा चढल्या तशा उतरल्या. चाचणी पास झाली.

मशीन झकास आहे, असं बापूसाहेब म्हणाले. त्यांनी फीत कापली, फोटो काढून घेतला आणि पोरं आत्ताच जेवलीत म्हणून दोन्ही नातवंडांचे हात घट्ट धरून ते आइसक्रीमकडं गेले. त्यांच्यामागं तिकिटाची रांग सुरू झाली.

अविराज खुशीत केबिनपाशी आले. "पोती चढवायला चार गडी लागतात," ते वाजिदला म्हणाले. "या आपल्या पायांनी चढतात. रोज सकाळी असंच करू."

बायकांच्या कानावर एवढंच गेलं, की रोज सकाळी. कुशाबाईंनी तिथूनच हात जोडले आणि हा मॅनेजर देवमाणूस असल्याचं सगळ्यांना सांगितलं.

मुबशिरा केस सारखे करत केबिनच्या खिडकीशी आली. वाऱ्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वरून सगळं पाणी दिसतं म्हणाली, होड्या दिसतात, पार पलीकडचा काठसुद्धा दिसतो.

"उद्या लैलालाबी आनते. आठ वर्सांची झाली पोरगी, बापाच्या झोक्यात एकदाबी बसली न्हाय."

वाजिदनं रांगेकडं पाहिलं. मग तिच्याकडं.

"तिला नगं आनू," तो म्हणाला. "तिचं वजन भरत न्हाय."