डोंगर का उकळला

डंकन प्रॉक्टर ओट्याच्या पायऱ्या चढला, तशी आंटी मर्टल उठली. तिनं खुर्ची उलटी फिरवली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

ऊन डोळ्यांवर येत असेल, असं त्याला वाटलं. त्यानं आल्याच्या बिस्किटांचा पुडा पुढे केला. आंटीनं हात लावला नाही. डोक्यावरचा रुमाल तेवढा गालावर ओढून घेतला आणि समोरच्या डोंगराकडे बघत राहिली. पुडा टेबलावर ठेवताना डंकन धास्तावला.

कारणही तसंच होतं. रविवारी याच ओट्यावर त्यानं तिच्या लेकीला मागणी घातली होती. लिओनीचं हो होतं; आईला मात्र तू स्वतः विचार, असं बजावून ती टाउन्सव्हिलला नोकरीवर परतली होती. आंटीनं त्याला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं आणि एवढंच म्हणाली, "सिरिलशी बोलते. मामाला विचारल्याशिवाय आमच्यात काही ठरत नाही. गुरुवारी ये."

आज गुरुवार होता.

डंकन मेलबर्नहून आला होता तो या विझलेल्या ज्वालामुखीचे दगड तपासायला. डोंगर शेवटचा पेटला त्याला हजारो वर्षं झाली, असं दगडांचं म्हणणं होतं. आंटी मात्र इथल्या मूळ आदिवासींपैकी; तिच्या घराण्यात ती गोष्ट आईकडून लेकीकडे अशी ताजी चालत आली होती, की सांगणारी स्वतः तिथून पळून आली असावी. भर दुपारी आभाळ लाल झालं, जमीन तडकली, ओढा उकळला आणि पळणाऱ्यांना पाय टेकायला गार जागा सापडेना. दगडांशी सगळं जुळत होतं. डंकन हरखून जाई.

आंटी त्याची टोपी उडवून म्हणे, "दगडांनी सांगितलंय ना तुला? मग माझं डोकं कशाला खातोस?" आणि त्याच्याच पुड्यातलं बिस्किट चहात बुडवी. वर्षभर दोघांचं असं मेतकूट जमलं होतं.

गोष्टीतलं एकच सांगायचं तिनं टाळलं होतं. गोष्टीत दोन भाऊ होते; त्यातल्या धाकट्यानं नको ते केलं आणि डोंगर रागावला. त्यानं केलं काय, असं विचारलं की आंटी म्हणे, तुला अजून त्याची गरज नाही.

"आंटी, माझं काही चुकलं का?" डंकननं विचारलं.

ती उठली आणि मागे न बघता आत निघून गेली. जाळीचं दार आपटलं. तेव्हा कुठे त्याला दिसलं, त्याचा नेहमीचा मग आज टेबलावर नव्हता. ओट्याच्या पार टोकाला, शेवटच्या पायरीवर ठेवला होता. आत गरम चहा होता. हाकलायच्या माणसालाही लोक चहा देतातच, असं म्हणून त्यानं तो तसाच राहू दिला.

घरामागच्या पत्र्याच्या खोलीत त्याचा मुक्काम होता. तो दगडांच्या पेट्या गाडीत चढवू लागला. लिओनीशी बोलावं, तर या रानात फोन लागत नाही. त्याला फार वाईट वाटत होतं, आणि लिओनीइतकंच आंटीसाठीही वाटत होतं.

तेवढ्यात आंटीचा भाऊ सिरिल ओढ्यावरून मासे घेऊन आला. पेट्यांकडे बघून त्यानं विचारलं, "कुठे निघाली स्वारी?"

"मेलबर्नला."

"आणि हे मासे मी एकट्यानं संपवायचे?"

"तिला माझं तोंडसुद्धा बघायचं नाही, अंकल."

"नाहीच बघायचं," सिरिल म्हणाला. "या जन्मात तरी नाही."

नकारच द्यायचा होता तर तोंडानं द्यायचा, असं डंकन म्हणाला. सिरिलनं निवांतपणे मासे बादलीत सोडले.

"गोष्टीचा उरलेला भाग ती तुला आज सांगणार होती. आता तिला नाही सांगता येणार. म्हणून मला सांगायला लावलंय. ऐकतोस?"

डंकनला गोष्टीत काडीचा रस उरला नव्हता. पण वर्षभराची सवय, मान आपोआप हलली.

"धाकटा भाऊ एका बाईच्या समोर उभा राहिला. तिच्या डोळ्यांत डोळे घालून बोलला. तिच्या हातचं घेऊन खाल्लं. झालं, डोंगर उकळला."

"एवढ्यावरून?"

"बाई कोण होती ते बघायला नको? मर्टल आता तुझी जी लागते, तीच ती त्याची लागत होती." सिरिलनं गाडीतली एक पेटी उचलून खाली ठेवली. "दगड उतरव. शनिवारी याच गाडीतून लिओनीचं सामान आणायचंय. आणि गाडी आता मागच्या वाटेनं काढत जा. पुढे ओट्यावर तुझी सासू बसलेली असते."