खाट भरायची होती

“साहेब आले का डोळे मिटून घेजा, मामा. काही इचारलं तर फक्त कण्हजा,” रुपालीनं पुन्हा बजावलं आणि उकंडाच्या दंडात सुई टोचली.

उकंडा कळवळला. सोंग खोटं, पण सुया मात्र खऱ्या!

“हे कायले वं पुन्हा?”

“इलाज चालू हाये असं दिसाले तर पाह्यजे ना.”

रुपाली त्याच्या मेलेल्या बहिणीची लेक. तालुक्याच्या या सरकारी दवाखान्यात कंत्राटी नर्स होती. काल सकाळी ती घरी आली तेव्हा उकंडा ओसरीवर पडून होता. आदल्या दिवशी बोंडअळीची फवारणी करून आलेला. ऊन लागलं होतं आणि शिळ्या भाकरीनं पोट ढवळत होतं, एवढंच. त्याच्याकडं बघता बघता पोरीचा चेहरा उतरला. मग तिनं सगळं सांगितलं. यवतमाळहून साहेब दवाखान्याचे आकडे तपासायला येणार, किती खाटा भरल्या ते मोजणार, आणि इथं तर निम्म्या खाटा रिकाम्या. आकडा पडला की पहिली गदा कंत्राटी माणसांवर.

“चालता का, मामा? माही नोकरी तुमच्या हातात हाये.”

यात नवल काही नव्हतं. मागच्या तपासणीला गावातला फकिरा असाच धडधाकट येऊन निजला होता आणि दोन वेळ जेवून, ढेकर देत परतला होता. पण उकंडाची गोष्ट वेगळी. थोरला भाऊ धावजी याच दवाखान्यात गेला, तो चौघांच्या खांद्यावरूनच परत आला. तेव्हापासून तापानं फणफणला तरी उकंडानं हे फाटक ओलांडलं नव्हतं. भाचीसाठी मात्र तो मुकाट उठला.

आता पस्तावत होता. घशाला कोरड, समोरचं सगळं धूसर, आणि दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमधली मशीन छातीत चालल्यागत धडधड. इतका तो जन्मात भ्याला नव्हता. पकडलो गेलो तर? आपलं काय, म्हातारं हाड. पण पोरीची भाकरी जाईल.

शेजारच्या खाटेवर नेमसिंग नावाचा माणूस विव्हळत होता.

“तुले बी खाट भराले यायनंच आणलं का?” उकंडानं हळूच विचारलं.

नेमसिंग आणखीच विव्हळला. काय सोंग वठवतो गडी, असं उकंडाला वाटलं आणि स्वतःच्या कण्हण्याची लाज वाटली.

“मी घरी जातो,” तो उशाशी बसलेल्या बायकोला म्हणाला. “माह्यानं नाही होत हे नाटक.”

इंदूबाईनं त्याचा हात घट्ट धरला. “चूप पडा ना जी. तुमाले आन हाये माही.”

तेवढ्यात साहेब आले. मागून रुपाली. साहेब थेट उकंडाच्याच खाटेशी थांबले. नाडी धरली, पापणी वर करून बॅटरी मारली, छातीला नळी लावली. उकंडा कण्हायचंही विसरला.

“कधी आणलं यांना?”

“काल... सकाळी, सर.”

“आणि हे मला आज सांगता? खेळ वाटतो का तुम्हाला हा?”

रुपालीनं मान खाली घातली. तिच्या डोळ्यांतून पाणी टपकलं.

झालं! बिंग फुटलं. पण बहिणीच्या लेकीला असं रडताना उकंडाला पाहवेना. तो धडपडत उठून बसला.

“साहेब, पोरीचा काही कसूर नाही. मी बिमार नाही जी. फुकटात जेवाले भेटते म्हणून मीच येऊन पडलो. तुमच्या आकड्यातून मले वजा करा, पण तिले काढू नका.”

साहेब त्याच्याकडं बघतच राहिले. मग रुपालीकडं, मग इंदूबाईकडं. ती पदरात तोंड खुपसून रडत होती. साहेब खाटेच्या कडेवर बसले आणि त्यांनी उकंडाला हळूच आडवं केलं.

“खाटांची तपासणी पोळ्याआधीच झाली, बाबा,” ते म्हणाले. “मी फवारणीच्या विषावर इलाज करणारा डॉक्टर. या पोरीनं मला तुमच्यासाठी बोलावलंय.”